जावयाची पेटी

फत्तेसिंग जेवतानाही एक गुडघा उभा ठेवून बसत असे. कोणी बाहेरून हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून, असं तो सांगे. रूपीबाईला मात्र वाटे, सतरा वर्षं आपल्या घरात राहूनही हा माणूस अजून नीट टेकलेला नाही.

त्यांचं गाव आमलीबारी, खांडबाऱ्याच्या स्टेशनापासून चार मैल आत, डोंगराला लागून. फत्तेसिंग तिथला नव्हता. १९३९ साली पेरणीच्या आधी तो सोनगडच्या बाजूच्या आपल्या गावाहून एक घोंगडी आणि एक कुऱ्हाड घेऊन चालत आला होता. रूपीच्या बापाला मुलगा नव्हता. थोरली कालीबाई गावातच, मधल्या पाड्यात दिलेली. धाकटीसाठी बापाला घरी राबणारा जावई हवा होता. देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, फत्तेसिंगच्या घरच्यांना परवडणारी नव्हती, तेव्हा त्याने पाच वर्षं सासऱ्याच्या शेतात राबायचं, असं ठरलं. अशा घरजावयाला त्या भागात खंधाड्या म्हणतात.

पाच वर्षं कधीच सरली. सासरा वारला. शेत, बैलजोडी, दोन मुली आणि जवळजवळ आंधळी झालेली सासू गंगीबाई, हे सगळं फत्तेसिंगच बघत होता. पण गावाच्या तोंडी तो खंधाड्याच राहिला. कोणाच्या लग्नात त्याला पाटावर बसवत, पहिला घास त्याला देत, आणि देवाणघेवाणीचं बोलणं सुरू झालं की सगळे त्याच्याकडे पाठ करून बसत.

दरवर्षी होळी झाली की त्याच्या अंगात काहीतरी शिरे. अंगणातून नाल्यापर्यंत जाई, परत येई, कुंपणाचा एक काटा काढून दुसरीकडे खोची.

"जातो मी माझ्या गावाला. तिथं मला नावाने हाक मारतात."

चार दिवस असे जात, मग शेतीची कामं निघत आणि तो राही. पण ते चार दिवस रूपीबाई त्याची घोंगडी आणि कुऱ्हाड जागेवर आहेत ना, हे पुन्हा पुन्हा बघून येई.

१९५६ च्या थंडीत गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. पाण्यासाठी गावातल्या बाया नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर तासन् तास बसत. पंचायतीतर्फे विहीर होणार होती, ती कुठे खणायची म्हणून शाळेपुढे बैठक भरली. सुरुपसिंग म्हणत होता, खालच्या पाड्यात. तो रूपीचा चुलत भाऊ. पोलीस पाटलाचं घर त्याचंच. फत्तेसिंग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मधल्या पाड्याजवळ खणा. तिथून तिन्ही पाड्यांना सारखं अंतर पडतं."

सुरुपसिंगने हसतमुखाने हात जोडले. "पाव्हणे, तुम्ही बसा. विहीर गावाची आहे."

सगळे हसले. हसणाऱ्यांत फत्तेसिंगने ज्यांचे बैल नाल्याच्या पुरातून वाचवले होते तेही होते.

दुसऱ्या दिवशी तो गाडीने नवापूरला गेला आणि पंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरून आला. आमलीबारीची जागा एक, आणि सुरुपसिंगने अर्ज आधीच भरलेला.

"मी उभा राहिलो," तो दारातूनच म्हणाला. "या वेळी गावाने मला मत दिलं तर मी इथला. नाही दिलं, तर होळीनंतर जाणार. या वेळी खरंच जाणार. तुला यायचं असेल तर ये."

"आणि आई?"

"तुझी आई आहे. तू ठरव."

गंगीबाई आत चुलीपाशी होती. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. चिमट्याने निखारे उकरणं तिने थांबवलं होतं. या म्हातारीला दुसऱ्या गावी नेणं म्हणजे तिला मारणंच. ओट्यापासून झिऱ्यापर्यंतची वाट पायांना पाठ होती, म्हणून ती जगत होती. आईला टाकायचं की नवऱ्याला सोडायचं, हे गावातली माणसं ठरवणार, असा याचा अर्थ रूपीबाईला त्याच क्षणी कळला.

मतांचा अंदाज कोणालाही बांधता येत होता. खालचा पाडा सुरुपसिंगचा. वरच्या पाड्यात फत्तेसिंगचं घर, आणि तिथे सुरुपसिंगशी बांधावरून भांडलेली बरीच घरं होती. ती फत्तेसिंगला देणार. राहिला मधला पाडा. सव्वीस घरं, निम्मी देवाला नारळ फोडणारी, निम्मी रविवारी प्रार्थनेला जाणारी. हा पाडा कोणाचाच नव्हता. पाटलाच्या घरी सणाला जायचा नाही, आणि कोणाच्या भांडणात पडायचा नाही.

फत्तेसिंग आधी तिथल्या इसहाककडे गेला. इसहाक रेल्वेत गँगमन होता, आता घरी बसून टोपल्या विणत असे. रूपीबाई बहिणीकडे जायचं निमित्त करून मागोमाग गेली होती.

"इसहाकदादा, यंदा मत मला द्या."

"देऊ की."

"नक्की?"

"आम्ही सगळ्यांना 'देऊ की' म्हणतो. परवा सुरुपसिंगलाही म्हटलं." इसहाकने बांबूची काडी दातांत धरून चिरली. "तू बाहेरचा, हे मला बरंच वाटतं. सुरुपसिंग मेंबर झाला की आधी त्याचे नऊ चुलत भाऊ पाणी भरणार, मग आमचा नंबर. तुला इथे भाऊच नाही."

"मग झालं तर!"

"झालं कुठे? उद्या तू उठून गेलास तर आमची विहीर कोण खणणार? दर होळीला 'जातो, जातो' म्हणून तूच हिंडतोस. सगळ्या गावाला माहीत आहे."

फत्तेसिंग उठला, परत बसला.

"आणि माझ्या एकट्याच्या मताने काय होतं?" इसहाक म्हणाला. "निम्मे पुरुष शहाद्याकडे गेलेत, गुजर पाटलांचा कापूस वेचायला. ते काही मत द्यायला येत नाहीत. मतं आता बायांच्या हातात आहेत. बायांकडे माग."

इथेच सगळं अडत होतं. जावयापुढे सासूने यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. जावई समोरून आला तर सासू डोक्यावरून पदर ओढून तोंड फिरवते. भाकर द्यायची तर पान जमिनीवर ठेवते आणि वळते. ती वळल्यावर जावई उचलतो. एकीच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काही जात नाही. आणि ही सासू म्हणजे एकटी गंगीबाई नव्हे. गावातली बायकोच्या आईच्या वयाची प्रत्येक बाई सासू. बायकोची थोरली बहीण, थोरल्या चुलत बहिणी, त्याही सासूच्या मानाच्या. बायकोच्या गावात मतं मागायला निघालेल्या फत्तेसिंगला ओलांडून जाता येणार नाही इतक्या सासवा होत्या.

तरी त्याने करून पाहिलं. कालीबाईच्या अंगणात सहा-सात बाया नागली पाखडत होत्या. त्याला बघताच सगळ्या सुपं टाकून आत पळाल्या आणि कुडाच्या भिंतीआड उभ्या राहिल्या. अंगणात एक म्हैस तेवढी उरली. फत्तेसिंगने घसा खाकरला आणि तो म्हशीकडे तोंड करून बोलू लागला.

"म्हशी, तुला पाणी प्यायला नाल्यावर जावं लागतं. मी मेंबर झालो की विहीर इथं जवळ होईल. माझं चिन्ह शिडी. लक्षात ठेव, म्हशी, शिडी."

म्हशीने शेपटी हलवली. भिंतीआड आधी खुसखुस झाली, मग एकदम हसण्याचा लोंढा फुटला. फत्तेसिंगही हसला, पण परत जाताना त्याचे कान लाल झाले होते. वाटेत तो रूपीबाईला म्हणाला, "आता तूच जा."

मग ती गेली. आठ दिवस, भाकरी थापून झाल्या की रोज. बाया तिला बसवत, मोहाच्या बियांचं तेल कसं निघालं ते सांगत, तिच्या मुलींची चौकशी करत. मताचं काढलं की म्हणत, "बघू." पेट्यांचं तर कोणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड पेट्या मांडलेल्या, वर चिन्ह चिकटवलेलं. साहेबाने दिलेली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. सुरुपसिंगची छत्री, फत्तेसिंगची शिडी.

"शिडी म्हणजे कशी गं?" एका म्हातारीने चौथ्यांदा विचारलं.

रूपीबाई दिवसभर फिरून थकली होती. ती म्हणाली, "मावशी, असं समज, डाव्या हाताला तो स्वतःच उभा आहे. ती पेटी म्हणजे आमच्या घरचा माणूस. त्याला दिलंस, झालं."

हे म्हातारीला समजलं. रूपीबाईला बरं वाटलं, आणि मग तिने प्रत्येक घरी तसंच सांगितलं.

फक्त कालीबाई कपाळाला आठी घालून म्हणाली, "मी त्याच्या सासूच्या जागी. सतरा वर्षांत त्याला माझं तोंड दिसलं नाही. त्याला काही द्यायचं म्हणजे मला कसंतरीच होतं."

"अगं, कागद द्यायचाय. भाकर नाही."

"कागद काय, भाकर काय," कालीबाई म्हणाली आणि उठून गेली.

मतदान शाळेत होतं. शाळा म्हणजे एकच खोली. तिच्या कोपऱ्यात दोन चटया बांधून आडोसा केला होता. शहाद्याकडचे एक मास्तर, बन्सीलाल त्यांचं नाव, साहेब म्हणून आले होते. मधल्या पाड्याच्या बाया सकाळीच येऊन मत देऊन गेल्या. बऱ्याचशा बाहेर पडताना तोंडाला पदर लावून हसत होत्या. फत्तेसिंग शाळेपासून लांब, पळसाखाली येरझारा घालत होता. तो जवळ आला असता तर बायांनी आत पाऊलच टाकलं नसतं.

रूपीबाई आईला हाताला धरून घेऊन गेली. बन्सीलाल मास्तरांनी म्हातारीचे डोळे बघितले आणि ते आपल्या अहिराणीत म्हणाले,

"लेक शे ना तू? मग ली जाय आत. पन चिठ्ठी तिनाच हातथून टाकजो."

आडोशाआड गेल्यावर रूपीबाई थबकली. टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी. शिडीच्या पेटीवर, झाकणावर, चिठ्ठ्या पडल्या होत्या. नीट एकीवर एक ठेवलेल्या. तिने मोजल्या, नऊ. आणि दोन पेट्यांच्या मध्ये, टेबलाच्या फळीवर, आणखी तीन.

"आयो, ही पेटी. इथं फट आहे, यात टाक," तिने आईचा हात धरून फटीपाशी नेला.

गंगीबाईने हात मागे ओढला. "कोणाची?"

"त्याचीच."

"मग माझ्या हातून कशी देऊ?" म्हातारी कुजबुजली. तिने पदर पुढे ओढला, चाचपडत चिठ्ठी झाकणावर ठेवली आणि पाठ फिरवली. "ठेवली. घे म्हणावं."

त्या नऊ जणी इथे येऊन अशाच वळल्या होत्या. जावयापुढे पान ठेवावं तसं मत ठेवून, त्याने उचलावं म्हणून तोंड फिरवून निघून गेल्या होत्या. ती पेटी म्हणजे तो स्वतःच, असं सांगत गावभर कोण हिंडलं होतं?

"काय करी ऱ्हायन्यात व माय-लेकी?" बाहेरून मास्तरांचा आवाज आला. "मांगे रांग शे ना!"

"झालंच, साहेब. तिला दिसत नाही."

साहेबाला सांगावं, असं तिच्या मनात आलं. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? बाहेर पडलेल्या चिठ्ठ्या मोजत नाहीत, हे त्याने सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सुरुपसिंगचा माणूस दारातच बसला होता. तिने आईची चिठ्ठी फटीतून आत सोडली. मग एकेक करत त्या नऊ. फट अरुंद होती. नऊ झाल्या. राहिल्या मधल्या तीन.

त्या कोणाच्या, हे तिला माहीत नव्हतं. शिडीपाशी वितीवर होत्या, छत्रीपासूनही वितीवर. तिच्या डोळ्यांपुढे पळसाखालचा तो आला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिने तिन्ही उचलल्या आणि शिडीच्या पेटीत टाकल्या. मग स्वतःची टाकली आणि आईला धरून बाहेर आली.

पाण्याच्या घड्याजवळ वरच्या पाड्यातल्या बाया थांबल्या होत्या. ती त्यांच्या कानात म्हणाली, "पेटीकडे पाठ करा आणि हात मागे नेऊन टाका. बघायचंच नाही." त्या हसल्या, पण त्यांनी तसंच केलं असावं.

मोजणी झाली. शिडी एकसष्ट, छत्री एकोणसाठ.

फत्तेसिंगला खांद्यावर घेतलं. कोणीतरी ढोल आणला. सुरुपसिंग लांबून म्हणाला, "दोनच मतं, पाव्हणे!" आणि फत्तेसिंगने उलट ओरडून सांगितलं, "दोन तर दोन! मधल्या पाड्याने मला आपलं म्हटलं!" रूपीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एकसष्टातून तीन गेले की अठ्ठावन्न. ती तेवढाच हिशेब पुन्हा पुन्हा करत होती, आणि तो दर वेळी तसाच येत होता.

त्या होळीनंतर फत्तेसिंग कुठेही जायचं बोलला नाही. मधल्या पाड्याजवळ विहीर खणायला निघाली तेव्हा स्वतः पहार घेऊन आत उतरला. पाणी लागलं त्या दिवशी घरी येऊन मांडी घालून जेवला. रूपीबाई त्याच्याकडे बघत राहिली आणि तिची स्वतःची भाकर तव्यावर करपली.

त्याची अस्वस्थता जणू तिच्याकडे राहायला आली होती. हातातलं काम अर्धं टाकून ती उठे. सुपातली नागली पाखडून झाली की पुन्हा पाखडायला घेई. त्या तीन बाया कोण, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. मोहफुलांच्या दिवसांत सगळ्या बाया पहाटे झाडांखाली फुलं वेचायला जमत. तेव्हा ती आडून आडून विचारू लागली.

"तू कशी टाकली होतीस गं?"

"टाकली कुठे? वर ठेवली. शिडीवर. आणि अशी वळले," म्हणून ती बाई वळून दाखवे, आणि सगळ्या पोट धरून हसत. अशा एकेक करून नऊ भेटल्या. त्या नऊ जणींबद्दल रूपीबाईला कधीच काही वाटलं नाही.

दहावी कालीबाई निघाली. ती टोपलीत फुलं टाकत सहज म्हणाली, "मी मध्ये ठेवली."

"मध्ये म्हणजे?"

"दोन्हींच्या मध्ये. एकीकडे तुझा नवरा, एकीकडे आपला चुलत भाऊ. म्हटलं, मी कोणालाच देत नाही." मग तिने तिरकं बघितलं. "आणि तुझा नवरा माझ्याकडे मागायला आलाच कुठे? म्हशीकडे आला होता. म्हशीने दिलं असेल."

रूपीबाई हसली. हसल्याशिवाय इलाज नव्हता. पण त्या दिवशी तिची टोपली निम्मीही भरली नाही. बहिणीने जे कोणालाच द्यायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिने उचलून नवऱ्याला दिलं होतं. कालीबाईचं एक काढलं तरी साठ उरत होते, म्हणजे फत्तेसिंग जिंकतच होता. आणखी एक काढलं की बरोबरी. तिन्ही काढली की घर मोडत होतं. मध्ये ठेवणाऱ्यांतली दुसरी म्हणजे चौथ्यांदा शिडी विचारणारी ती म्हातारी, असा रूपीबाईचा तर्क होता. पण ती त्याच उन्हाळ्यात वारली आणि विचारायचं राहून गेलं. तिसरी कोण, हे कधीच कळलं नाही. ती प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघे. नवीन विहिरीवर घागर भरताना कोणी गप्प असली की हीच ती, असं तिला वाटे.

नवऱ्याला सांगायचं तिने कितीदा ठरवलं. पण तो नवापूरच्या बैठकीहून परत येई, कोट खुंटीला लावे आणि "आपल्या गावाला रस्ता मागितला," असं सांगे. 'आपल्या गावाला' हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले की तिचं धैर्य विरघळे. गंगीबाई १९५९ साली गेली, आपल्याच ओट्यावर, आपल्याच घोंगडीत. निदान एवढं तरी झालं, असं रूपीबाईने मनाशी म्हटलं. पण मन तेवढ्यावर गप्प बसलं नाही.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. सोनगडची बाजू गुजरातेत गेली. पुढच्या वर्षी पंचायतीची निवडणूक आली तेव्हा सुरुपसिंगला आयतं सापडलं. विहिरीवरच, चार माणसांत तो म्हणाला, "आता तर पाव्हणा दुसऱ्या राज्यातला झाला!"

फत्तेसिंगने दोर ओढणं थांबवलं नाही. "तिकडचे म्हणतात, मी इकडचा. तुम्ही म्हणता, तिकडचा. ही घागर कोणाची ते सांगा, म्हणजे भरून देतो."

ती घागर सुरुपसिंगच्याच सुनेची होती. माणसं मोठ्याने हसली. या वेळी कोणाला हसत होती, हे सुरुपसिंगला कळलं.

"मधल्या पाड्यात कधी जाणार?" फत्तेसिंगने रूपीबाईला विचारलं.

"मी नाही जाणार."

"का?"

"एकदा मागितलं तेवढं पुरे."

तो एकटाच गेला. या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बोलला, आणि आतून एका बाईने भिंतीलाच उत्तर दिलं, म्हणे. मत द्यायची रीतही बदलली होती. आता सगळ्यांची पेटी एकच. कागदावर दोन चित्रं, त्यांतल्या एकावर शिक्का मारायचा, घडी करायची आणि पेटीत टाकायची. ती पेटी कोणाचीच नव्हती, तेव्हा बायांना तिच्यापुढे लाजायचं कारण उरलं नाही. रूपीबाई आडोशाआड गेली, एक शिक्का मारला, आणि मुद्दाम इकडेतिकडे न बघता बाहेर आली.

शिडी चौऱ्याऐंशी. छत्री एकोणपन्नास.

गुलाल, ढोल, इसहाकचं खोकत खोकत भाषण, सगळं झालं. फत्तेसिंग घरी आला तो कानापर्यंत गुलालाने भरलेला. मुली विहिरीवर गेल्या होत्या. रूपीबाईने त्याला पाणी दिलं आणि तो पीत असतानाच सगळं सांगून टाकलं. आईचा हात, नऊ चिठ्ठ्या, मधल्या तीन, त्यांतली कालीबाईची. पाच वर्षं जिभेच्या टोकावर असल्यासारखं ते भराभर आलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे तेव्हा मी पडलो होतो."

"कदाचित. माहीत नाही."

"आणि पडलो असतो तर मी गेलो असतो."

"हो."

तो उठला आणि दिवसाढवळ्या त्याने दार लोटून घेतलं. "कोणाला ठाऊक आहे हे?"

"कोणालाच नाही. आई गेली."

"कालीबाईला?"

"तिला तिची चिठ्ठी माहीत. पुढचं नाही."

"सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस, रूपे." त्याचा आवाज खाली गेला होता. "कळलं तर मला इथून घालवतील."

रूपीबाई त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं होत आली. जातो, जातो म्हणून या माणसाने तिचे किती दिवस कडू केले होते, आणि आता गुलालाने माखलेलं तोंड घेऊन तो दाराला पाठ लावून उभा होता, घालवतील म्हणून. तिला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला, तरी ते आवरेना.

"हसतेस काय? त्या तिघींच्या मतांवर मी पाच वर्षं कोट घालून हिंडलो!"

"आजची चौऱ्याऐंशी तुझी आहेत. मी शिक्का एकच मारला."

"आजचं राहू दे. तेव्हाचं काय?"

"तेव्हाचं मी पाच वर्षं डोक्यात घेऊन फिरले," ती म्हणाली. "आता तू फिर."

त्याने तोंड धुतलं, पण नीट धुतलं नाही. थोडा वेळ आत-बाहेर केलं आणि मग, दोर बघून येतो म्हणून, तो मधल्या पाड्याकडे निघाला. दारातून रूपीबाईला तो दिसत होता. अंगणांमध्ये म्हाताऱ्या बसल्या होत्या. मेंबर येताना बघून एकेकीने पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली, रोजच्यासारखी. तो प्रत्येक अंगणापाशी जरा थांबत होता, त्या पाठींकडे बघत होता, आणि पुढे जात होता.

रूपीबाईने चटई अंथरली आणि जरा पाठ टेकली. गाईची धार काढायची वेळ टळून गेली तरी ती उठली नव्हती. धाकट्या मुलीने दोनदा हलवलं तेव्हा कुठे तिला जाग आली.